पाचवी कडी

उद्यमबागेत, पंपाचं ओतकाम चालायचं त्या शेडच्या
माडीवर आमची प्रयोगशाळा.
खाली अजून एक लेथ घरघरतो.
वर, नखावर मावेल अशा सिलिकॉनच्या तुकड्यावर
आठ कड्या.
एका केसाच्या जाडीत सहज मावेल एकेक.

काम सांगायला सोपं आहे.
हिशेब करणारी चिप कायम भुकेली असते,
तिला हवं ते सगळं मेमरीत,
आणि मेमरी वीतभर लांब.
तांब्याच्या तारेतून आणता आणता तार तापते
आणि चिप ताटकळते,
पान मांडून वाढपी गायब व्हावा तशी.

म्हणून हा एकच काचेचा धागा
आणि त्यातून एकदम आठ प्रकाश.
रंग म्हणतो आम्ही, सवयीनं;
दिसत एकही नाही.
अर्ध्या अर्ध्या नॅनोमीटरच्या अंतरानं
शेजारी शेजारी धावतात, खांद्याला खांदा न लागता,
आणि आपापल्या कडीपाशी
एकेक तेवढा उतरतो.

कल्लाप्पा होनगेकर, वडगावचे,
तीस वर्षं माग चालवून आता आमचं स्टोअर सांभाळतात.
त्यांना हे समजावलं, तर म्हणाले,
"म्हंजे फणीतनं तार काढल्यागत.
पर आमचा ताणा दिसायचा, बाई.
तुमचा रंग दिसंना, कापड बी दिसंना.
पगार तेवढा दिसतोय न्हवं?"

चाचणीला खरं म्हणजे आकड्यांचा भुसा पाठवतात.
मेच्या त्या दुपारी आम्ही कंटाळलो होतो.
महांतेशनं पाचव्या रंगावर
यमकनमर्डीहून आलेला आईचा निरोप चढवला.
सहाव्यावर मी, नंदगडच्या मावशीचा,
तीन वर्षांपूर्वीचा.
तेव्हा फोन उचलला नव्हता.

तीन वाजता लाईट गेली.
लेसर बॅटरीवर चालू राहिले, एसी बंद पडला.
बावीसचे तीस अंश व्हायला वेळ लागत नाही पत्र्याखाली.
कडी तापली की तिचा कान बदलतो,
लांबच्या लहरीकडे सरकतो,
सरकत सरकत शेजारणीचं ऐकू लागतो.

स्पीकरवर महांतेशची आई म्हणत होती,
"ऊट आतेन, मग..."
मधे खरखर, तव्यावर मीठ टाकल्यासारखी,
आणि मग मावशी:
"...मग कधी येतेस गं घराकडं?"

कुणी बोललं नाही.
कानडीत मग म्हणजे मुलगा.
जेवलास का, बाळा, एवढंच विचारत होती ती.
आमच्यात मग म्हणजे पुढं काय.
बरोबर त्या दोन अक्षरांवर
पाचव्या कडीनं धागा बदलला होता.
कड्यांना भाषा कळत नाही, हे मी पुन्हा पुन्हा लिहू शकते,
उष्णतेचा आलेखही जोडू शकते.

महांतेशनं हीटरचा करंट उतरवला,
हळूहळू, रेडिओचं बटण फिरवावं तसा.
कडी परत आली जागेवर.
आई परत आली: "बिसिलाग तिरगब्याड."
उन्हात हिंडू नको.
मावशी आपल्या सहाव्या रंगावर नीट गेली.

संध्याकाळी कल्लाप्पांना ती बिघडलेली फाइल ऐकवली.
दोनदा ऐकली त्यांनी, डोकं कलतं करून.
"बराबर हाय की," म्हणाले.
"आमच्या गल्लीत असंच बोलत्यात.
चूक कुठं झाली म्हणालात?"

मी वहीत लिहिलं:
कडी क्रमांक पाच, तीन वाजून अकरा मिनिटं,
तीस पूर्णांक चार अंश, शेजारच्या लहरीची गळती.
उपाय: करंट कमी केला.
फाइल पुसायची असते नियमानं.
महांतेश म्हणाला, "इरली बिडरी, मॅडम." असू दे.

लेथ थांबला होता.
खाली कुणीतरी शटर ओढलं.
मी फोन काढला, नंदगडचा नंबर अजून आहे त्यात,
घर आता मावसभावाचं.
रिंग जात राहिली.